मोटारीच्या चाकांतील हवा व इशाऱ्याचा दिवा

अमरावती-अकोला रस्त्यावर इ. स. २०२२ च्या जूनमध्यें ७५ किलोमीटरांचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकण्यांत आला, हें वाचकांस स्मरत असेलच. चांगल्या रस्त्यावर मोटारीची गति वाढते. तींत वऱ्हाडचा उन्हाळा मिळाला म्हणजे टायर फुटण्याचें भय वाढतें.

टायर फुटला कीं 'हवा जास्त झाली' असें म्हणून पुष्कळजण भर दुपारीं तापलेल्या चाकांतून हवा सोडतात. ही चूक होय. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यास दबतो, त्यामुळें आंतून तापतो व शेवटीं फाटतो.

अनेक नव्या मोटारींत याचा इशारा देणारा दिवा असतो. कांहींत चाकांतील यंत्र हवेचा दाब बिनतारी संदेशानें कळवितें. कांहींत फेऱ्यांवरून अंदाज होतो, कारण हवा उतरलेलें चाक किंचित् लहान होऊन अधिक फेरे घेतें. परंतु दिवा उशिरां लागतो. अमेरिकेंतील नियमांत हवा चतुर्थांश उतरण्याची, म्हणजे ३२ पौंडांचे २४ होण्याची, मर्यादा आहे.

बैल लंगडेपर्यंत आपण त्याची पत्री पाहावयाचें थांबत नाहीं. म्हणून आमची विनंति अशी कीं, दर पंधरवड्यास सकाळीं, गाडी निघण्यापूर्वीं, थंड चाकांतील हवा मोजावी. योग्य आंकडा चालकाच्या दारापाशीं लिहिलेला असतो. तापल्यावर वाढलेले तीनचार पौंड सोडूं नयेत. सोडल्यास थंड होतांच तेंच चाक कमी हवेचें ठरतें.