पाठीशी बसणारी बाई

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे जुनी माणसे म्हणत आली आहेत. पण त्या वेळी तिच्याजवळ कोण असावे, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. पुण्या-मुंबईकडे अलीकडे ‘डूला’ हा शब्द कानांवर येतो. गर्भारपणात व प्रसूतीच्या वेळी सोबत करण्यासाठी मोबदला देऊन नेमलेली स्त्री म्हणजे डूला. हे शहरी फॅड आहे की गरज, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शब्द मूळचा ग्रीक. अर्थ सेवा करणारी स्त्री. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ डॅना राफेल यांनी १९७३ साली स्तनपानावरील आपल्या पुस्तकात तो वापरला व पुढे तो रूढ झाला. शब्द परका असला तरी ती व्यक्ती आपल्याला परकी नाही. माण तालुक्यातील आमच्या गावी सुईणीला बोलावणे गेले की माझ्या आजीलाही जाई. आजी सुईण नव्हती. नाळ कापणे, वार पडली की नाही ते पाहणे ही कामे सुईणीची. आजी कळा देणाऱ्या बाईच्या पाठीशी बसे, तिला आपल्या अंगावर रेलून घेई, कंबर चोळी, घोट घोट पाणी पाजी आणि सारखी बोलत राही. म्हणजे एका बाळंतपणाला दोन बायका लागत : एक मूल हाती घेणारी आणि दुसरी आईला धरणारी.

यांतील पहिलीचे काम दवाखान्याने घेतले, ते योग्यच झाले. विळ्याने नाळ कापल्याने होणारा धनुर्वात, रक्त जाऊन दगावलेल्या बाया, हे सारे आजीनेही पाहिले होते. २००५ साली जननी सुरक्षा योजना आल्यावर खेड्यांतील बाळंतपणे झपाट्याने दवाखान्यांत होऊ लागली. २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. तेव्हा मागे फिरा, असे सुचविण्याचा माझा मुळीच हेतू नाही. प्रश्न दुसरीचा आहे. ती दवाखान्याच्या दाराबाहेरच राहिली.

माझ्या थोरल्या बहिणीचे पहिले बाळंतपण सांगलीच्या एका दवाखान्यात झाले. आई आणि मावशी रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून होत्या. ताई पुढे म्हणाली, “कळा काय, सगळ्यांनाच येतात. पण धरायला कुणाचा हात नव्हता गं.” तेथील परिचारिका वाईट नव्हती, तिच्याकडे एकाच वेळी चार खाटा होत्या.

हात धरल्याने खरेच काय होते? भीतीने शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते, आणि गर्भाशयाचे आकुंचन घडविणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात ते अडथळा आणते. धीर मिळाला की कळा नीट येतात. ग्वाटेमाला येथील एका रुग्णालयात काही स्त्रियांजवळ एकेक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई बसविण्यात आली. १९८० साली त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : सोबत असलेल्यांना दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंत सरासरी ८.८ तास लागले, एकट्या असलेल्यांना १९.३. हा प्रयोग लहान होता. परंतु २०१७ साली १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरील प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हाही सतत सोबत असल्यास सिझेरियनचे प्रमाण घटते व प्रसूतीचा काळ काहीसा कमी होतो, असेच दिसले.

डूला गर्भारपणातच दोनतीनदा भेटते, शंका ऐकते, श्वासाच्या व बसण्या-उठण्याच्या पद्धती शिकविते. प्रसूतीत ती अखेरपर्यंत जवळ राहते, नंतर बाळाला अंगावर घेण्यास मदत करते. ती आतून तपासणी करीत नाही, औषध देत नाही, डॉक्टरांच्या निर्णयात पडत नाही. परिचारिकांप्रमाणे तिची सरकारी नोंदणी नसते. म्हणून नेमताना नीट चौकशी करावी. प्रशिक्षण कोठे झाले? किती बाळंतपणांत सोबत केली? ऐनवेळी येता आले नाही तर बदली कोण? मोबदल्यात काय काय येते? आणि सर्वांत आधी, दवाखाना तिला आत येऊ देतो काय?

पैसे देऊन माया मिळते का, असे कोणी विचारील. पण सुईणीलाही साडीचोळी अन् धान्य मिळतच असे. कष्टाला मोल दिल्याने माया कमी होत नाही.

ज्यांना हे परवडत नाही त्यांचे काय? भारत सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांसाठी सूचना काढली. त्यानुसार प्रसूतीच्या वेळी नात्यातील एक स्त्री, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली, जवळ राहू शकते; आडोशाची व्यवस्था असेल तेथे पतीही. तिला संसर्गजन्य रोग नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने शेवटपर्यंत थांबावे आणि उपचारांत ढवळाढवळ करू नये, अशा त्या अटी. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही बाईच्या पसंतीची सोबत असावी, अशी शिफारस केली. सूचनेत शब्द ‘नात्यातील’ असा आहे. बीडहून आमच्या कृष्णाकाठी ऊस तोडायला आलेल्या, माहेर-सासर दोन्हींपासून दूर असलेल्या बाईजवळ मग कोणी बसायचे? तिच्यासाठी टोळीतलीच एखादी बाई नात्यातली मानली जावी, असे मला वाटते.

आपल्यापैकी अनेकींच्या घरी येत्या काही वर्षांत पाळणा हलेल. पहिल्या तपासणीलाच कागदपत्रांबरोबर एक गोष्ट विचारून घ्यावी : “हिच्या पाठीशी आत कोण बसू शकेल?” सर्वांनी विचारले, तर दाराबाहेरचा तो बाक हळूहळू रिकामा होईल.