दोन रात्री डोंगरातल्या

“तीन दिवस डोंगरात? आणि राहणार कुठं?” ह्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

प्रश्न रास्त होता. स्वित्झर्लंडमध्ये तिथल्या गिर्यारोहक मंडळानं १८६३ पासून आल्प्समध्ये मुक्कामाची छोटी घरं बांधली. सकाळी एका घरातून निघावं, संध्याकाळी पुढच्या घरात टेकावं. आपल्या सह्याद्रीत मुक्काम गडाखालच्या गावात, कुणाच्या तरी घरी.

मुळशीतल्या भऱ्याला माझी धाकटी जाऊ राहते. तिथून आम्ही चौघी निघालो. कोळवणपर्यंत गाडीनं, पुढं पायी. पहिला मुक्काम तिकोनापेठ, दुसरा लोहगडवाडी. तिसऱ्या दिवशी भाजे लेण्यांवरून मळवली स्टेशन.

तिकोनापेठेत शिरलो तेव्हा दिवेलागण झालेली, गुडघे बोलत होते. घरच्या बाईनं पायांवर घ्यायला गरम पाणी दिलं. चुलीपाशी ती भाकरी थापायला बसली, तशी मी सवयीनं उठले.

“बसा हो ताई, रोज तुम्हीच थापता ना?”

भाकरी, पिठलं, लसणाची चटणी. गरम ताट आयतं पुढ्यात येऊन किती वर्षं झाली होती! डोळ्यांत पाणी आलं. धुराचं निमित्त केलं.

रात्री मात्र झोप येईना. आम्ही चौघी विसाव्याला आलो आणि तिच्या कामात चार ताटांची भर पडली! सकाळी पैसे मी तिच्याच हातात दिले. “पाव्हण्यांचं कसं घ्यायचं?” म्हणत तिनं पदराला गाठ मारली.

मग तिकोना चढलो. वरून पवनेचं पाणी, पलीकडे तुंग, समोर लोहगड. तोच गड, जो २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. संध्याकाळी लोहगडवाडीत पोचल्यावर आम्ही शहाण्या झालो होतो. आपली भांडी आपण घासली, अंथरुणं आपणच गुंडाळली.

मैत्रिणींनो, जायचं असेल तर:

• नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. पावसात वाटा निसरड्या होतात.
• माणसं किती, ते मुक्कामाच्या घरी आधी कळवा.
• चादर, विजेरी, दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे. ओझं पाठीला झेपेल एवढंच.
• बूट कोरे नकोत, पायात रुळलेले हवेत.
• पैसे आधी ठरवा आणि रांधणारीच्या हाती द्या.

घरी आले, तर ह्यांनी वरणभात लावलेला. भाताचा पार गिचका झाला होता. ओठावर आलेलं मी गिळलं आणि म्हटलं, “वाढा.”