ढोल कमरेला, बोळे कानात

अनंत चतुर्दशीला हिंगोलीत दोन ठिकाणी गर्दी असते. एक चिंतामणी गणपतीच्या नवसाच्या मोदकासाठी लागलेल्या रांगेत, दुसरी विसर्जन मिरवणुकीच्या दुतर्फा. या दुसऱ्या गर्दीत एक माणूस हमखास दिसतो. ढोल-ताशा पथकाच्या अगदी पुढ्यात, मोबाइल उंच धरून, उलट्या पावलांनी मागे मागे चालणारा. तो पथकाचा प्रमुख नसतो. दुसऱ्या रांगेत ताशा वाजवणाऱ्या मुलीचा तो बाप असतो. कडेवर धाकटा असतो आणि त्याच्या कानाशी ओरडून बाप सांगत असतो, "ती बघ, ताई!"

या बापाचं कौतुक रास्त आहे. दीड महिना रोज संध्याकाळी मुलगी सरावाला गेलेली त्यानं पाहिलेली असते. बोटांना चिकटपट्ट्या, खांदे भरून आलेले, तरी दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. घरी उठवल्याशिवाय न उठणारी पोर इथं दुसऱ्यांना उठवायला फोन करते.

मराठवाड्याला ताल नवा नाही. संत नामदेवांचं नर्सी हिंगोलीजवळच आहे. हरिपाठाला पखवाज, गोंधळाला संबळ, वरातीला हलगी हे इथल्या कानांना जन्मापासून ओळखीचं. पथक हा प्रकार मात्र नंतर आला. कमरेला ढोल, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, सोबत ताशे, झांजा, टोल आणि पुढे ध्वज हे शिस्तीचं रूप पुण्यात ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांच्या पथकांनी रुजवलं आणि तिथून ते तालुक्याच्या गावांपर्यंत पोचलं. त्यात मुली आल्या, हा त्यातला सर्वांत चांगला बदल.

पथकात एक गोष्ट पाहण्यासारखी असते. ढोल स्वतःचा स्वतःला नीट बांधता येत नाही. मागून कुणीतरी दोरी आवळून गाठ मारावी लागते. वाजवताना दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पाण्याची बाटली तोंडाला दुसऱ्यानं लावायची. ऐन चौकात कुणाच्या ढोलाचं पान फाटलं, तर शेजारचा ठेका सांभाळतो. पथकातली मैत्री घट्ट का असते, याचं अर्धं उत्तर इथंच मिळतं. उरलेलं अर्धं प्रयोगशाळेत शोधलं गेलं आहे.

जर्मनीतले संशोधक किर्शनर आणि टोमासेलो यांनी २००९मध्ये अगदी लहान मुलांना ढोल वाजवायला दिला. कधी समोर माणूस वाजवत होता, कधी यंत्र, तर कधी फक्त आवाज. अडीच वर्षांची मुलंसुद्धा माणसाबरोबर वाजवताना तालाला जास्त नीट धरून राहिली. यंत्राचा ठेका अचूक असूनही त्याच्याशी त्यांचं तसं जुळलं नाही. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये नौका वल्हवणाऱ्या खेळाडूंना आधी एकेकटं आणि मग एकत्र, तेवढ्याच मेहनतीनं वल्हवायला लावलं आणि नंतर दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळून कोण किती कळ सोसतो ते मोजलं. एकत्र वल्हवल्यावर सोसण्याची ताकद अधिक वाढलेली होती. २०१२मध्ये तिथल्याच रॉबिन डनबार यांच्या गटाला गाणं, नाचणं आणि ढोल वाजवणं यांतही असाच परिणाम दिसला. नुसतं संगीत ऐकणाऱ्यांत दिसला नाही. मेंदूत तयार होणारी एंडॉर्फिन ही वेदनाशामक रसायनं यामागे असावीत, असा त्यांचा तर्क आहे. तर्कच, कारण रसायनं थेट मोजलेली नव्हती. पण चार तास ढोल वागवून पाय सुजलेला मुलगा "अजून एक चौक" का म्हणतो, हे त्यावरून थोडं समजतं.

कळ जाणवत नाही हा पथकाचा फायदा आहे आणि धोकाही तोच आहे. खांदा, कंबर, तळहात निदान दुसऱ्या दिवशी बोलतात. क्वचित लघवीही बोलते. परदेशात हातानं तासन् तास कोंगा वाजवणाऱ्यांना लालसर-तपकिरी लघवी झाल्याच्या नोंदी १९७०च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. सततच्या थापेनं तळहातातल्या लाल रक्तपेशी फुटतात. मिरवणुकीनंतर असा रंग दिसला, तर भरपूर पाणी पिऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. कान मात्र असा बोलत नाही.

आतल्या शंखासारख्या भागात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेनं त्यांवरची सूक्ष्म केसरं वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. कोंबडीच्या कानात मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत. मोठ्या आवाजापासून बचावासाठी मधल्या कानात स्टेपिडियस नावाचा इवलासा स्नायू आहे. तो आकसून आवाजाची वाट थोडी अरुंद करतो. पण मोठ्या आवाजालाही आकसायला त्याला काही शतांश सेकंद लागतात आणि टिपरूचा घाव काही सहस्रांश सेकंदांतच शिखर गाठतो. चोर घरातून गेल्यावर दार लावावं, तसा हा स्नायू ढोलापुढे पडतो. सतत वाजत राहिलं की थकतो ते वेगळंच.

आता हिशेब. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाजात ८ तास ही मोठ्या माणसांसाठीची सुरक्षित मर्यादा मानतात. डेसिबलची मोजणी सरळ नसते. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मी होते. ८८ला ४ तास, ९१ला २, ९४ला १, ९७ला अर्धा तास आणि १००ला फक्त १५ मिनिटं. पथकाच्या मधोमध आवाज १००च्या पुढे सहज जातो. म्हणजे सरावाची पहिली आवर्तनं संपायच्या आत मुलीच्या कानाची दिवसाची शिधा संपलेली असते आणि मिरवणूक तर अजून दूरच असते. तिच्यापुढे उलट्या पावलांनी चालणाऱ्या बापाची आणि त्याच्या कडेवरच्या धाकट्याचीही.

घरी आल्यावर कानाला दडे बसतात, कुंई असा आवाज येत राहतो. सकाळपर्यंत जातो. "गेलं ना, मग झालं," असं म्हणून सगळे निर्धास्त. २००९मध्ये कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जोड कायमचे तुटलेले असू शकतात. माणसात हे किती प्रमाणात होतं याचा अभ्यास चालू आहे. तोवर दडे बसणं ही कानानं दिलेली सूचना समजावी.

नुकसान आधी होतं ते साधारण ४ हजार हर्ट्झच्या आसपासच्या, चढ्या स्वरांचं. त्यामुळे माणूस 'बहिरा' वाटत नाही. हाक ऐकू येते, पण 'स', 'श', 'फ' अशी बारीक व्यंजनं निसटतात. दुकानदार 'साठ' म्हणतो, ऐकू येतं 'आठ'. वर्गात मागच्या बाकावर बसलेली मुलगी शिकवणं अर्धवट ऐकते आणि प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, 'लक्ष नसते'. वादकाच्या बाबतीत आणखी एक दुर्दैव आहे. ढोलाचा घुमारा खालच्या पट्टीतला, तो ऐकू येत राहतो. ताशाची कडकड आणि झांजेची खणखण आधी मंदावते. मग ताशेवाला काड्या आणखी जोरात मारतो. ज्या कानांच्या जोरावर घरच्यांनी "हिला ताल आहे" असं कौतुक केलं, तेच कान वाजवण्यात खर्ची पडतात.

यावर पथक सोडायला लावणं हा उपाय नाही. चौदा वर्षांच्या मुलीला चाळीस जणांच्या तालात आपली जागा सापडली असेल, तर ती काढून घेण्याइतकं स्वस्त औषध कुणी देऊ नये.

२०२४मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पुण्यातल्या पथकांवर ३० जणांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयानं ऐन गणेशोत्सवात तिला स्थगिती दिली. तेव्हा रहिवाशांच्या त्रासावर आणि परंपरेवर भरपूर बोललं गेलं. ढोलाच्या सर्वांत जवळ असलेल्या कानांबद्दल फारसं नाही. आणि पोटासाठी वाजवणारे, लग्नसराईत रोज रात्री वरातीपुढे चालणारे हलगीवाले आणि बँडवाले यांच्या कानांची चौकशी तर कोणत्याच हंगामात होत नाही. पथकातली मुलं वर्षातून दोन महिने वाजवतात, ते आयुष्यभर.

उपाय साधा आहे. फोमचे इअरप्लग, म्हणजे स्पंजासारखे बोळे, चहा-वड्याच्या पैशांत मिळतात. कापसाचा बोळा किंवा रुमाल जवळजवळ काहीच अडवत नाही. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवून अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. तो आत फुगतो. निम्मा बाहेर लोंबत असेल, तर नीट बसलेला नाही. चांगला बसलेला बोळा १५ डेसिबल जरी कमी करत असला, तरी मघाचा हिशेब पाहा. १००चे ८५ होतात आणि पंधरा मिनिटांचे आठ तास. धाकट्याच्या कानात बोळा बसत नाही. त्याला कानावर बसणारे मफ घालावेत, नाहीतर घरी आजीजवळ ठेवावं. तान्ह्या बाळाला आवाज सोसत नाही हे सांगता येत नाही, ते फक्त रडतं, आणि ते रडणं ढोलात ऐकू येत नाही.

मुलांची तक्रार ठरलेली असते: "बोळे घातले की ठेका कळत नाही." पहिले तीन-चार दिवस खरंच चुकल्यासारखं होतं. पण ढोल पोटाला बांधलेला असतो, त्याचा ठोका बरगड्यांतून कळतो. ताशा तर बोळ्यातूनही ऐकू येतो. अमेरिकेतल्या शाळा-महाविद्यालयांच्या ड्रमलाइनमध्ये बोळे घालून सराव करणारी मुलं सर्रास दिसतात आणि त्यांचा ताल सुटत नाही. खरी अडचण वेगळीच असते. एकटीनं बोळे घातले, तर बाकीचे चिडवतात. म्हणून हे घरी सांगून होत नाही, पथकात व्हावं लागतं. जी मुलं एकमेकांच्या ढोलाची गाठ मारतात, त्यांना शेजाऱ्याच्या कानात बोळा नीट बसला की नाही हे पाहायला चार सेकंद लागतील. प्रमुखानं स्वतः घातले, की दुसऱ्या दिवशी कुणी हसत नाही.

सराव उघड्या मैदानात घ्यावा, भिंतींच्या बोळकांडीत किंवा पत्र्याच्या शेडखाली नाही. तिथं आवाज परतून अंगावर येतो. दर अर्ध्या तासानं दहा मिनिटं थांबावं आणि तेव्हा स्पीकरवर गाणी लावू नयेत. ताशेवाल्यांच्या अगदी समोर रोज तोच मुलगा उभा नको, जागा बदलत राहाव्यात. रात्री दहानंतर उघड्यावर वाजवायला कायद्यानंच मनाई आहे.

पथकात नाव घालायच्या आधी मुलाची एकदा श्रवणचाचणी, म्हणजे ऑडिओमेट्री, करून घ्यावी आणि कागद जपून ठेवावा. सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात जिथं सोय आहे तिथं ती होते. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही कानाबद्दल सांगता येतं. दसऱ्यानंतर, किमान दोन दिवस शांततेत गेल्यावर, दुसरी चाचणी करावी आणि दोन कागद शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवावेत. कानात कुंई आवाज चोवीस तासांहून जास्त राहिला किंवा एका कानानं अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर दसऱ्याची वाट पाहू नये. अशा वेळी पहिले काही दिवसच उपचाराचे असतात.

मोबाइल घेऊन पुढे चालणाऱ्या बापासाठी एवढंच: बोळ्यांचं पाकीट घेताना तीन जोड घ्यावेत. चित्रीकरण दहा पावलं मागून, कडेनं केलं तरी ताई दिसते.