एकाच बैठकीत मोतीबिंदू आणि काचबिंदू

'आजीचं मोत्याचं ऑपरेशन झालं' हे वसई-विरारच्या घरांत आता सहज सांगितलं जातं. डॉक्टरांनी 'काचबिंदूही आहे' म्हटलं, की मात्र घर गप्प होतं. ती धास्ती रास्त आहे. गढुळलेलं भिंग बदलता येतं. डोळ्यातल्या दाबाने झिजलेली नस कुणालाच परत आणता येत नाही. दोन्हींवर एकाच वेळी केलेल्या शस्त्रक्रियेचं यश त्यामुळे नुसत्या 'दिसायला लागलं'वर ठरत नाही. दाब किती उतरला आणि तो वर्षानुवर्षं टिकला का, हे पाहावं लागतं.

या जोडकामाची दोन्ही टोकं एका वर्षाच्या अंतराने सापडली. 1967 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केल्मन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून काढला. 1968 मध्ये इंग्लंडमधल्या केर्न्स यांनी डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला नवी वाट करून देणारी ट्रॅबेक्युलेक्टॉमी मांडली. आपल्याकडे तेव्हा शिबिरांमधून अख्खं भिंग काढून जाड चष्मा देण्याचा काळ होता. 1992 मध्ये मदुराईच्या ऑरोलॅबने स्वस्त कृत्रिम भिंगं बनवायला घेतली आणि तो चष्मा हळूहळू हद्दपार झाला.

काचबिंदूची बाजू हट्टी निघाली. केलेली वाट शरीर जखम समजून बुजवून टाकी. 1980च्या दशकात मायटोमायसिन हे औषध तिथे लावायला सुरुवात झाली आणि वाट जास्त काळ उघडी राहू लागली. त्याची किंमतही होती: कधी दाब गरजेपेक्षा खाली जाणं, कधी वर्षांनंतरही जंतुसंसर्ग.

मग हाँगकाँगमधल्या अभ्यासांनी 2008-09 मध्ये महत्त्वाचा प्रश्न विचारला. डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर पडतं तो कोन अरुंद असेल, तर फक्त मोतीबिंदू काढून भागेल का? जोड शस्त्रक्रियेने दाब थोडा अधिक उतरला, थेंब कमी लागले, पण गुंतागुंत वाढली. अशा रुग्णांत आधी भिंग काढून पाहण्याचा विचार त्यातून बळावला. अरुंद कोनाचा काचबिंदू भारतात बराच आढळतो, म्हणून हा धडा आपल्या फार जवळचा आहे.

जोड शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत मोलाचे असतात. दाब पुन्हा पुन्हा मोजावा लागतो, गरज पडली तर टाके लेझरने सैल करावे लागतात. मुंबईत शस्त्रक्रिया झालेल्या विरारच्या वृद्धाला त्यासाठी दर खेपेला लोकल गाठावी लागते. सोबत जाणारं कुणी नसेल, तर तपासणी चुकते.

मोत्याची तारीख घेण्याआधी डोळ्याचं प्रेशर आणि नस तपासून घ्या. आई-वडिलांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर स्वतःचीही.