धागा जागीच, गाठ पुढे

भिवंडीजवळ माणकोलीच्या एखाद्या गोदामात डोकावा. माल रॅकवर जागच्या जागी, आणि तो आणायला फोर्कलिफ्टची धावपळ. हार्ड डिस्कचंही तसंच. माहिती तबकडीवर जागच्या जागी, म्हणून अख्खी तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे मारते, तेव्हा कुठे हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येते. मालच सरकत दारात आला तर? आयबीएमच्या स्टुअर्ट पार्किन यांनी 2008 मध्ये मांडलेल्या ‘रेसट्रॅक मेमरी’त तार जागीच राहते, तिच्यातल्या चुंबकीय खुणा तेवढ्या पुढे सरकतात.

अशा खुणेसाठी आता एका भोवऱ्याकडे पाहिलं जातं. नाव स्किर्मिऑन, टोनी स्कर्म या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञावरून. बिचाऱ्यांनी 1960च्या दशकात गणित मांडलं होतं ते अणुकेंद्रातल्या कणांसाठी! प्लॅटिनमवर जेमतेम नॅनोमीटरभर कोबाल्टचा थर द्या. कोबाल्टचा प्रत्येक अणू म्हणजे चिमुकला चुंबक, एक बाणच म्हणा. प्लॅटिनमच्या शेजारामुळे हे बाण एकमेकांशी किंचित तिरके राहू पाहतात. मग कुठेतरी मधला बाण खाली, कडेचे वर आणि या दोहोंच्या दरम्यानचे हळूहळू कलत गेलेले, असा गोल भोवरा तयार होतो.

तो टिकतो कसा, हे यंत्रमागावर तुटका धागा सांधणाऱ्याला वेगळं सांगायला नको. दोन्ही टोकं ताणलेली असताना मधली गाठ सुटत नाही, उलट आवळते. हा भोवराही नुसता बाण वळवून मिटत नाही. अर्थात, उष्णतेचा जोर वाढला तर तोही मोडतो.

असे भोवरे म्युनिकच्या संशोधकांना 2009 मध्ये मँगनीज सिलिसाइडमध्ये सापडले, पण उणे 244 अंशांच्या आसपास. पुढच्याच वर्षी दिसलं, की त्यांना हलवायला उलटसुलट चुंबकीय पट्ट्यांमधल्या नेहमीच्या भिंतींपेक्षा सुमारे लाखपट कमी विद्युतप्रवाह पुरतो. पातळ थरांत, नेहमीच्या तापमानाला असे भोवरे हलवणं 2016 पर्यंत जमलं. तिथे मात्र प्रवाह बराच जास्त लागतो.

खरी खोड पुढेच आहे. प्रवाह दिला की भोवरा सरळ जातच नाही. तो आडवा सरकत कडेला जातो आणि तिथेच विरतो. माहिती गेली! उपाय म्हणून दोन उलट्या थरांची जोडी लावतात, म्हणजे एकाचा कल दुसरा खोडतो. हे प्रयोगशाळेत जमतं. दुकानात मिळेल असं काही अजून नाही. तेव्हा फोटोंचा बॅकअप हार्ड डिस्कवरच घेत राहा.