छोट्या रोडस्टरमधील फेरफार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९८० मध्ये ‘एमजीबी’चे उत्पादन बंद झाले आणि ब्रिटनमध्ये दोन-तीन दशके भरभराटीस आलेला स्वस्त, हलक्या, कापडी टपाच्या रोडस्टर मोटारींचा व्यवसाय आता निकालात निघाला, असे जाणते लोक मानू लागले असतानाच, फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात हिरोशिमाच्या माझदा कंपनीने एमएक्स-५ ही दोन आसनांची मोटार सादर केली. या कंपनीचे नाव आपल्याकडे ‘स्वराज माझदा’च्या मालमोटारींमुळे परिचित, परंतु अमेरिकेत मियाटा आणि जपानात युनोस रोडस्टर म्हणून विकल्या गेलेल्या या गाडीची जात अगदी निराळी होती. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, इंजिन १.६ लिटरचे, त्याची शक्ती अमेरिकी आवृत्तीत अवघी ११६ अश्वशक्ती. तथापि चारही चाकांना डबल-विशबोन सस्पेन्शन, चालना मागील चाकांना, बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे, आणि पुढील व मागील आसांवर भार जवळजवळ समसमान पडावा म्हणून बॅटरीसुद्धा डिकीत नेऊन ठेवलेली, असा तिचा काटेकोर बंदोबस्त होता.

२०१६ मध्ये या मालिकेतील दहा लाखावी गाडी तयार झाली. पहिल्या पिढीच्या गाड्यांनी आता तिशी ओलांडली आहे, बहुतेकींनी अनेक मालक पाहिले आहेत, आणि कारखान्यातून निघाली त्या स्थितीत राहिलेली गाडी क्वचितच आढळते. आपल्या गाडीत आपल्या रुचीनुसार फेरफार करण्याची हौस मुळीच निंद्य नव्हे. परंतु या हौसेभोवती ज्या समजुती रूढ झाल्या आहेत, त्यांच्या मुळाशी एकच भ्रम आहे, तो असा की गाडी म्हणजे सुट्या जिनसांची गोळाबेरीज असून प्रत्येक जिन्नस स्वतंत्रपणे सुधारता येतो. वस्तुतः गाडीचे वळणावरील वर्तन हा टायर, स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि चाकांचे कोन यांच्यात झालेला एक करारनामा आहे. त्यातील एक कलम बदलले की उरलेली सर्व कलमे फिरून तपासावी लागतात.

गैरसमज : गाडी जितकी खाली बसवावी, तितकी ती वळणावर रस्त्याला अधिक धरून राहते.

वस्तुस्थिती : गुरुत्वमध्य खाली आला म्हणजे वळणावर आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर जाणारा भार कमी होतो, हे तत्त्व निर्विवाद आहे. पण इंचभर खाली बसवल्याने होणारा हा लाभ अल्प असतो आणि त्याची किंमत मोठी पडते. चाकाला वर उचलले जाण्यासाठी जी मोकळी जागा लागते, ती या गाडीत मुळातच बेताची आहे. स्प्रिंग आखूड केल्यावर खर्ची पडते ती नेमकी हीच जागा. मग वळणाच्या ऐन मध्यावर खड्डा लागला की सस्पेन्शन आपल्या हालचालीच्या शेवटास असलेल्या रबरी ठोकळ्यावर जाऊन आदळते, त्या क्षणी स्प्रिंगचा अंमल संपतो, आणि चाक रस्त्यावरून उडते. शिवाय, विशबोनांचे कोन बदलल्यामुळे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक वेगाने खाली सरकतो. परिणामी दोहोंमधील अंतर वाढून, कमी झुकावी म्हणून खाली बसवलेली गाडी अधिक झुकण्यास प्रवृत्त होते. गतिरोधकांना पोट घासणे आणि वाहनतळाच्या उतारावर पुढचा ओठ खरवडणे या नित्याच्या तक्रारी वेगळ्याच.

गैरसमज : स्प्रिंग कडक म्हणजे पकड उत्तम, गाडी झुकली म्हणजे पकड सुटली.

वस्तुस्थिती : वळणावर बाहेरील चाकांकडे एकूण किती भार जाईल, हे गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधील रुंदी आणि वळण्याचा जोर यांवर ठरते; स्प्रिंग कडक केल्याने ती बेरीज बदलत नाही. स्प्रिंग आणि अँटी-रोल बार यांच्या कडकपणाने ठरते ती त्या भाराची पुढील व मागील आसांमधील वाटणी, आणि म्हणूनच केवळ पुढचा बार जाड केला तर गाडी झुकते कमी, परंतु पुढची बाहेरील बाजू अधिक लादली जाऊन ती वळणाच्या बाहेर सरकू पाहते. पकडीचे खरे रहस्य चाक रस्त्याशी अखंड संलग्न राहण्यात आहे, आणि खडबडीत रस्त्यावर अवाजवी कडक स्प्रिंग हे काम करू शकत नाही. ज्या गाडीपासून माझदाच्या अभियंत्यांनी स्फूर्ती घेतली, ती १९६२ ची लोटस एलान मऊ स्प्रिंगांवर चालत असे, आणि तरीही उत्तम वर्तनाचा आदर्श म्हणून तिचे नाव आजही घेतले जाते. कारण ती हलकी होती आणि तिच्या स्प्रिंगांचे हेलकावे आवरण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बर चोख बजावत असत. मूळ स्प्रिंगेपेक्षा किंचित कडक स्प्रिंग आणि तिला साजेसे उत्तम शॉक अ‍ॅब्सॉर्बर ही जोडी रोजच्या वापरास पुरेशी होय. शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुनेच ठेवून केवळ स्प्रिंग बदलणे मात्र सर्वथा वर्ज्य.

गैरसमज : रिम मोठे आणि टायर रुंद, म्हणजे गाडी आपोआप सुधारली.

वस्तुस्थिती : मूळ गाडीस १४ इंची रिम आणि १८५/६० मापाचे टायर होते, आणि ही निवड काटकसरीपोटी केलेली नव्हती. स्प्रिंगेखाली टांगलेले वजन जितके कमी, तितके चाक खाचखळग्यांचा माग अधिक चपळाईने काढते. १७ इंची जड रिम बसवणारा मालक हाच गुण देखाव्यासाठी गमावतो, आणि टायरची बाजू बुटकी झाल्याने प्रत्येक धक्का कण्यापर्यंत पोहोचतो तो निराळाच. अतिरुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगू लागतो, हेही पावसाळी प्रदेशातील चालकाने ध्यानात ठेवावे. १५ इंची हलके रिम आणि उत्तम जातीचे टायर हा मध्यममार्ग बहुतेकांना मानवतो. टायरच्या बाजूवर छापलेल्या सांकेतिक क्रमांकातील अखेरचे चार अंक त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष दाखवतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वर्षातून थोडीच धावणाऱ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असतानाच वयाने कडक होतात, म्हणून ही खातरजमा अगत्याची. हवेच्या दाबाचेही तसेच : कंपनीने मूळ टायरांसाठी २६ पीएसआय दाब नेमून दिला होता, आणि सवयीने ३२-३५ भरून देणारा पंपावरचा माणूस हलकी गाडी विनाकारण उड्या मारणारी करून ठेवतो.

गैरसमज : व्हील अलाइनमेंट केवळ टायरची झीज वाचवण्यासाठी असते.

वस्तुस्थिती : या गाडीच्या बाबतीत अलाइनमेंट हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी फेरफार म्हणावा लागेल. सस्पेन्शनच्या खालच्या बाहूंना विकेंद्री बोल्ट असल्यामुळे पुढे व मागे चाकांचा कॅम्बर, म्हणजे उभे कलणे, आणि टो, म्हणजे चाकांच्या तोंडांचे आत-बाहेर वळणे, हे नवा भाग न घालता बदलता येते. एक ते दीड अंश ऋण कॅम्बर, पुढील टो जवळजवळ शून्य आणि मागील किंचित आत, एवढ्या मांडणीने स्टिअरिंग बोलके होते आणि मागची बाजू स्थिर राहते. मात्र हे बोल्ट वर्षानुवर्षांच्या गंजाने जखडलेले असू शकतात, आणि रबरी बुश सैल झाले असतील तर मोजलेले कोन गाडी धावू लागताच बदलतात. तेव्हा बुशांची तपासणी आधी आणि अलाइनमेंट नंतर, हा क्रम उलटवू नये. पॉलियुरेथेनचे बुश अधिक टणक असतात खरे, परंतु त्यांना वेळोवेळी ग्रीस न मिळाल्यास ते कुरकुरतात, आणि रस्त्याची थरथर थेट आसनापर्यंत आणतात.

गैरसमज : डिस्क मोठी, म्हणजे गाडी लवकर थांबते.

वस्तुस्थिती : जे ब्रेक चारही चाके जखडू शकतात, त्यांना गाडी थांबवण्यासाठी अधिक बळाची आवश्यकता नसते, थांबण्याच्या अंतरावर अखेरचा फैसला टायर देतो. मोठी डिस्क अधिक उष्णता सामावते, म्हणून लांब उतारावर वा शर्यतीच्या मैदानावर तिचा उपयोग निश्चित आहे, आणि १.८ लिटरचे इंजिन आले तेव्हा कंपनीने पुढच्या डिस्कचा व्यास २३५ वरून २५५ मिलिमीटर केला होता. रोजच्या वापरात मात्र चांगले पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल यांनीच बहुतेक तक्रारी मिटतात. हे तेल हवेतील आर्द्रता शोषते; डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा किमान उत्कलनांक २३० अंश सेल्सियस, तर पाणी मुरलेल्याचा १५५, आणि या दोन आकड्यांमधील तफावतच घाटाच्या पायथ्याशी पेडल पोकळ करते.

गैरसमज : आधी शक्ती वाढवावी, बाकीचे नंतर पाहता येईल.

वस्तुस्थिती : कंपनीने स्वतः २००४ मध्ये दुसऱ्या पिढीच्या गाडीस टर्बोचार्जर बसवून अमेरिकी आवृत्तीत १७८ अश्वशक्ती काढली, तेव्हा क्लच अधिक मजबूत केला आणि स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बरही बदलले. करारनाम्याचे एक कलम बदलल्यावर बाकीची कलमे कशी तपासावी, याचा हा कारखान्याने घालून दिलेला वस्तुपाठच होय.

गैरसमज : आसनांमागील रोल-बार म्हणजे निव्वळ अलंकार.

वस्तुस्थिती : गाडी उलटल्यास प्राण वाचवण्याचे ते साधन आहे, पण केव्हा? तो पोलादी असून गाडीच्या सांगाड्याशी पक्का जोडलेला असेल, आणि बारच्या माथ्यापासून समोरच्या काचेच्या चौकटीपर्यंत धरलेली सरळ काठी बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून जात असेल, तेव्हा. शोभेच्या पातळ कमानी या कसोटीस उतरत नाहीत. शिवाय उघडी नळी हेल्मेटविना बसणाऱ्याच्या डोक्यामागे असणे धोक्याचे असल्यामुळे तिच्यावर टणक जातीचे आवरण अत्यावश्यक आहे.

गैरसमज : गाडी आपली, तेव्हा मुखत्यारीही आपलीच.

वस्तुस्थिती : जर्मनीत स्प्रिंग किंवा रिम बदलल्यास भागासोबत सर्वसाधारण परवान्याचा दाखला असावा लागतो, नाहीतर मान्यताप्राप्त तपासनिसाकडून गाडी तपासून घ्यावी लागते. भारतात मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीच्या दाखल्यातील तपशील निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलांहून भिन्न ठरेल असा बदल मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात याच तरतुदीवर बोट ठेवले. परदेशात अशी गाडी बाळगणाऱ्या मराठी मालकांनी तेथील दफ्तरी नियम विमा-कंपनीच्या अटींसह आधी वाचावेत, हे बरे.

आता क्रमाविषयी. प्रथम टपाखालचे पाणी वाहून नेणाऱ्या, आसनांमागील नळ्या साफ कराव्यात. त्या तुंबल्या की पाणी दाराखालच्या पत्र्यात साचते, आणि जिचा सांगाडाच गंजला आहे, तिच्या सस्पेन्शनवर केलेला खर्च व्यर्थ जातो. त्यानंतर बुश, ब्रेक ऑइल, टायर आणि अलाइनमेंट. एवढे झाल्यावर गाडी महिनाभर रोजच्या रस्त्यांवर चालवावी, आणि तरीही काही उणे भासले तरच आधी शॉक अ‍ॅब्सॉर्बर व मग स्प्रिंग यांकडे वळावे, तेही एका वेळी एकच बदल करून, म्हणजे गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे निश्चित सांगता येईल. पुष्कळ मालकांना या टप्प्यावर असे आढळून येते की ज्याला ते गाडीचा मूळ दोष समजत होते, तो तीस वर्षांच्या झिजेचा दोष होता, आणि नवे भाग विकत घेण्याची त्यांची यादी बरीच आखूड होते.