चंद्रकोर, गुरू आणि ७१ वर्षांनी येणारा पाहुणा

२०२४ साली ९ एप्रिलला आपण गुढ्या उभारल्या आणि १० तारखेला शेजाऱ्यांकडून ईदचा शीरखुर्मा आला. आपला चैत्र आणि त्यांचा शव्वाल एकाच अमावास्येनंतर सुरू झाले. ईदच्या संध्याकाळी ती कोवळी चंद्रकोर पश्चिमेला गुरूजवळ होती आणि गुरूच्या उजवीकडे, किंचित खाली, पॉन्स-ब्रुक्स हा धूमकेतू होता.

१८१२ साली तो फ्रान्समध्ये झाँ-लुई पॉन्स यांना दिसला. १८८३ साली अमेरिकेत विल्यम ब्रुक्स यांना पुन्हा सापडला. सूर्याभोवतीची त्याची एक फेरी सुमारे ७१ वर्षांची. याआधी तो १९५४ साली आला होता. माझ्या आईचा जन्म त्याच वर्षीचा. ती साताऱ्याहून आमच्याकडे आली होती, म्हणून ठरवलं, फोटो काढायचा तो तिला सोबत घेऊनच.

ईदची सुट्टी होती. डबे, चटया आणि चहाचा थर्मास घेऊन आम्ही सूर्यास्ताआधीच अल ऐनच्या दक्षिणेला अल कुआच्या वाळवंटात पोहोचलो. तिथे शहराचे दिवे मागे राहतात. धूमकेतू सूर्याजवळ असला की वेळ फार थोडा मिळतो. संधिप्रकाश ओसरल्यावर तो क्षितिजावरच्या धुळीत उतरेपर्यंत जेमतेम अर्धा तास.

फोटोचं गणित सोपं आहे. पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं. ८५च्या लेन्सला साधारण सहा सेकंद येतात. शटर त्याहून जास्त वेळ उघडं राहिलं, तर पृथ्वी फिरत असल्यामुळे ताऱ्यांच्या रेघा उमटतात. मी ट्रायपॉडवरून चार-चार सेकंदांचे तीस फोटो घेतले आणि घरी संगणकावर एकावर एक रचले. त्यामुळे रवाळपणा कमी होतो आणि फिकट शेपूट उठून दिसते. मात्र एवढ्या वेळात चंद्रकोर पांढरीफटक होते. तिचे आणि गुरूचे फोटो कमी वेळाचे, वेगळे घ्यावे लागतात.

दुर्बिणीतून आईला गुरू लगेच सापडला, धूमकेतू काही सापडेना. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र हिरवट ठिपका आणि वर जाणारी पुसट शेपूट तिला दिसली. नऊ वर्षांच्या लेकीने विचारलं, "परत कधी येणार?" म्हटलं, "२०९५ साली." आईने बोटांवर हिशोब केला आणि नातीला म्हणाली, "म्हणजे तेव्हा तू माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असशील!"

सहाच दिवसांनी, १६ एप्रिलला, अमिरातीत पंचाहत्तर वर्षांतला विक्रमी पाऊस झाला. अल ऐनजवळच्या खतम अल शकला इथे २५४.८ मिलिमीटर. २१ तारखेला धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ पोहोचला, तेव्हा आमच्या इमारतीच्या तळघरातलं पाणी उपसणं चालू होतं. पुढे तो दक्षिण गोलार्धातल्या लोकांच्या वाट्याला गेला.

त्या फोटोच्या दोन प्रती छापून घेतल्या. एक आई साताऱ्याला घेऊन गेली. दुसरीच्या मागे तारीख, जागा आणि आम्हा सगळ्यांची नावं लिहून ती लेकीच्या कागदपत्रांत ठेवली आहे.